दळण नेऊन आणणारी नवीन सर्विस : नाव नाही, ॲप नाही, तरी चार महिने वापरतेय

गेले चार महिने आमच्या घरातलं दळण एक भाऊ-बहीण घेऊन जातात आणि दळून परत आणून देतात. सर्विसचं नाव लिहीत नाहीये कारण अजून त्यांनी नावच ठेवलेलं नाही, माझ्या फोनमध्ये नंबर "दळण" एवढ्याच नावाने सेव्ह आहे आणि त्यांच्या व्हॉट्सॲप बिझनेस अकाउंटवर पण तेवढंच लिहिलंय. ॲप नाही, वेबसाईट नाही, ऑफिस नाही. एक नंबर, एक स्कूटर, एक दोनशे पानी वही आणि पुण्यात धायरीतली एक गिरणी, ती पण त्यांची नाही, गिरणीवाल्या काकांशी बोलून ठेवलंय फक्त. मी इतकं सविस्तर लिहितेय कारण सर्विस मला मनापासून आवडलीय, आणि त्यांनी ती ज्या पद्धतीने सुरू केली ना, ती पद्धत मला दोन-तीन वर्षांपूर्वी उमगली असती तर माझे बरेच पैसे आणि एक मैत्री टिकली असती. त्यावर येते खाली.

आधी गरज काय आहे ते सांगते, कारण ज्यांच्याकडे पॅकेटचा आटा येतो त्यांना वाटेल की यात काय एवढं. आमच्याकडे गहू महिन्यातून एकदा दळतो, दहा किलो, त्याचा काही त्रास नाही, रविवारी नवरा गाडीवर टाकून घेऊन येतो. पण सासूबाई दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खातात आणि ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग थापताना कडा फाटतात आणि उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. त्यामुळे ज्वारी दोन-दोन किलोच दळायची, दर आठ-दहा दिवसांनी. थंडीत बाजरी आली की तीच गत, उलट बाजरीचं पीठ अजून लवकर कडवट होतं कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त. म्हणजे दळण थोडंसं पण खेपा भरपूर. आणि गिरणी सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, मी हिंजवडीहून घरी पोचते साडेआठला. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, त्या दोन किलोचा डबा घेऊन रस्ता ओलांडून जायच्या आणि मी ऑफिसात बसून काळजी करायचे.

तर मार्चमध्ये आमच्या लिफ्टमध्ये एक साधा कागद चिकटवलेला दिसला, सोसायटीच्या ऑफिसचा शिक्का मारून. "दळण नेऊ, दळून आणू. मंगळवार आणि गुरुवार. सकाळी आठच्या आत डबा दारात ठेवा, रात्री आठच्या आत परत." खाली क्यूआर कोड. तो स्कॅन केला की गुगल फॉर्म उघडायचा, त्यात फ्लॅट नंबर, कोणतं धान्य, किती किलो, जाड की मध्यम की बारीक. फेरीचे ५० रुपये, दहा किलोपर्यंत, गिरणीचे पैसे वेगळे. बस एवढंच. मी सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलीत, मला फॉर्म बघूनच कळलं की हा कोणीतरी रात्री बसून तासाभरात बनवलाय. आणि खरं सांगते, तेव्हाच मला त्या पोरांबद्दल आदर वाटला.

पहिल्या मंगळवारी तो मुलगा आला, बावीस-तेवीसचा असेल, डबा उचलायला वाकला तर सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "बाळा, माझ्या ज्वारीच्या आधी गिरणीत काय दळणार आहेत?" तो एकदम गप्प. त्याने फॉर्ममध्ये सगळं विचारलं होतं, हे नव्हतं विचारलं. तो म्हणाला, "आजी, ते मला माहीत नाही, मी काकांना विचारतो आणि तुम्हाला फोन करतो." आणि वही काढून त्याने तिथेच दारात उभं राहून तो प्रश्न लिहून घेतला. फोन पण आला, अर्ध्या तासात, की आधी कोणाची तरी बाजरी आहे. सासूबाई म्हणाल्या मग माझी आज नको, पुढच्या वेळी. डबा तसाच परत आला संध्याकाळी, न दळता, आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

आता हे का महत्त्वाचं आहे. गिरणीत धान्य ओतायच्या तोंडापासून ते दगडाच्या सांदीपर्यंत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच, कितीही झटकलं तरी मूठ दोन मूठ पुढच्याच्या डब्यात जातंच. दहा किलो गव्हात मूठभर बाजरी आली तर कळत पण नाही, पण दोन किलो ज्वारीत आली की पीठ काळपट दिसतं आणि चव बदलते. हरभऱ्याच्या डाळीनंतर ज्वारी दळली तर भाकरीला बेसनाचा वास. आणि उपासाचं तर विचारूच नका, वरई-राजगिरा-साबुदाण्याची भाजणी गव्हामागून दळली तर ती उपासाला चालतच नाही, मग ती कशासाठी केली. माझ्या आईच्या गावी लोक गिरणीत जाऊन बसायचे ते गप्पा मारायला नाही फक्त, आपला नंबर कोणामागे लागतोय ते बघायला. आपण डबा ठेवून निघून आलो की ते बघणं सुटतं. सासूबाई उन्हातून चालत जायच्या त्या या एका कारणासाठी, आणि इतक्या वर्षांत मला ते माहीतच नव्हतं, मी समजत होते की त्यांना बाहेर पडायला आवडतं म्हणून जातात.

त्या पोरांना पण माहीत नव्हतं. त्यांना वाटलेलं लोकांना डबा उचलायचा कंटाळा आहे. नंतर बहिणीने मला वही दाखवली, पहिल्या तीन आठवड्यात अकरा घरांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला. "आमचं पहिलं दळा", "डाळीनंतर नको", "काकांना सांगा दगड साफ करून घ्या". प्रत्येक वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं, फ्लॅट नंबर सकट. मला ती वही बघून भरून आलं. आमच्या कंपनीत लोकांना काय हवंय हे शोधायला मोठमोठे सर्व्हे करतात, आणि इथे एक पोरगी दारोदार डबे उचलताना लोक जे बोलतात ते नुसतं ऐकून लिहून घेत होती.

आणि मग त्यांनी काय केलं तर गिरणीवाल्या काकांशी बोलून सकाळचा पहिला पाऊण तास धरला. काका नऊला गिरणी उघडायचे, आता यांच्या दिवशी सव्वाआठला उघडतात. रात्री बंद करताना दगड आणि तोंड ब्रशने साफ करून ठेवतात, सकाळी सगळ्यात आधी सगळ्यांची ज्वारी, मग नाचणी, मग बाजरी, मग गहू, आणि डाळी सगळ्यात शेवटी. उपासाची भाजणी असेल तर एकादशीच्या दोन दिवस आधी वेगळी फेरी, गिरणी पूर्ण साफ करून फक्त तेवढंच. डब्याबरोबर एक चिठ्ठी येते, तिच्यावर हाताने लिहिलेलं असतं की तुमच्या आधी काय दळलं. "ज्वारी, आधी ज्वारी." एवढीच ओळ. सासूबाई ती चिठ्ठी चष्मा लावून वाचतात आणि मगच झाकण उघडतात.

मला सांगायचंय ते हेच की हे ॲपमधून कळलं नसतं. ॲप असतं तर सासूबाईंनी उघडलंच नसतं, मी ऑर्डर टाकली असती, ज्वारी बाजरीमागून दळून आली असती, सासूबाईंनी दुसऱ्यांदा द्यायला नकार दिला असता आणि कंपनीला स्क्रीनवर एवढंच दिसलं असतं की या कस्टमरने परत ऑर्डर केली नाही. का नाही केली ते कुठेच दिसलं नसतं.

आता माझं सांगते, थोडक्यात, कारण त्याशिवाय मी याला इतके मार्क का देतेय ते समजणार नाही. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, आम्ही मुलांच्या छंदवर्गांचं बुकिंग करायचं ॲप बनवत होतो, चित्रकला, तबला, बुद्धिबळ, जवळपासचे क्लास शोधा आणि बुक करा. चौदा महिने बनवत होतो. पालकांचं लॉगिन वेगळं, शिक्षकांचं वेगळं, पेमेंट, रेटिंग, नोटिफिकेशन, दोन भाषा. मी टेस्टर असल्यामुळे मला एकही चूक खपायची नाही, प्रत्येक वेळी म्हणायचे अजून पंधरा दिवस. शेवटी लाँच केलं तेव्हा कळलं की शिक्षकांना ऑनलाइन बुकिंग नकोच होतं, त्यांच्या बॅच आधीच भरलेल्या, आणि पालक दुसऱ्या पालकाला विचारून क्लास लावतात. हे एका रविवारी दहा शिक्षकांना फोन करून कळलं असतं. आम्ही दोघींनी एकमेकींना दोष दिला आणि आता बोलत नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून ऑफिसातला एक सहकारी जेव्हा म्हणाला की हे कसलं स्टार्टअप, हा तर जुगाड आहे, तेव्हा मी त्याच्याशी चांगली अर्धा तास भांडले. अरे झोमॅटो काय होतं सुरुवातीला? २००८ मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून वेबसाईटवर टाकली, कारण त्यांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक मेनूसाठी ताटकळायचे. नाव फूडीबे होतं, झोमॅटो हे नाव २०१० मध्ये आलं. त्यात ऑर्डर नव्हती, डिलिव्हरी नव्हती, नुसती मेनूकार्डं. बेंगळुरूचं डन्झो तर व्हॉट्सॲपवरच सुरू झालं, लोक काम टाकायचे आणि संस्थापक कबीर बिस्वास स्वतः धावाधाव करून ते पार पाडायचे. पुढे डन्झो बंद पडलं, ते वेगळं, पण लोकांना ही गोष्ट हवीय का हे त्यांनी ॲप लिहायच्या आधी तपासलं होतं. आणि अमेरिकेत झॅपोस, बुटांचं दुकान, १९९९ मध्ये निक स्विनमर्न जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढायचा आणि वेबसाईटवर टाकायचा, ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवायचा. गोडाऊनमध्ये एकही जोड नव्हता. दहा वर्षांनी ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. स्टार्टअपवाले याला एमव्हीपी (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट) म्हणतात, म्हणजे कमीत कमी असं काहीतरी जे लोक खरंच वापरू शकतील आणि आपल्याला त्यातून शिकायला मिळेल. बरेच जण यातलं कमीत कमी एवढंच ऐकतात आणि वापरता येण्याचं राहून जातं.

वापरता येण्यावरून आठवलं, एक मोठी चूक झाली होती ती पण लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. एप्रिलच्या शेवटी आम्ही खपली गहू दिला होता, पाच किलो, सासऱ्यांच्या शुगरसाठी डॉक्टरांनी नाही पण त्यांच्या मित्राने सांगितलं म्हणून ते खपलीची पोळी खातात, आणि खपली साध्या गव्हाच्या दुप्पट-अडीचपट महाग पडते. रात्री डबा आला, सकाळी कणीक मळायला घेतली तर हाताला लगेच कळलं की हे आपलं नाही. खपलीचं पीठ लालसर असतं, पाणी वेगळं पितं, पोळी लाटताना जरा तुटायला बघते. हे पीठ पांढरं आणि गुळगुळीत, सरळ लोकवन, म्हणजे साधा गहू. आमच्यासारखाच स्टीलचा डबा समोरच्या बिल्डिंगमधल्या एकांचा होता, तो आमच्याकडे आला होता आणि आमची खपली त्यांच्याकडे. त्यांनी तोपर्यंत आठ पोळ्या करून डबे भरून पाठवलेले होते.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. मेसेज केला. दहा मिनिटांत दोघं भाऊ-बहीण दारात, वही घेऊन. त्यांनी कारणं सांगितली नाहीत, बहीण एवढंच म्हणाली, "काकू, चूक आमचीच आहे, दोन डबे सारखे होते आणि आम्ही झाकणावर काही लिहिलं नव्हतं." उरलेलं पीठ तोलून अदलाबदल केली, जेवढी खपली कमी भरली तेवढी त्यांनी बाजारातून आणून दळून दिली, मी नको म्हणत असताना. आणि पुढच्या फेरीपासून प्रत्येक डब्याच्या झाकणावर ऑईलपेंटने खूण. ठिपक्याचा रंग म्हणजे बिल्डिंग, आकडा म्हणजे फ्लॅट, आणि धान्याचं अक्षर चिकटपट्टीवर, कारण ते बदलतं. मी विचारलं हे कुठून सुचलं तर म्हणाला मुंबईचे डबेवाले असंच करतात ना काकू. खरंच आहे की. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये ते काम सुरू केलं, आधी रंगीत दोरे बांधायचे असं म्हणतात, मग झाकणावर रंगाने खुणा आल्या, त्यात स्टेशन, बिल्डिंग, मजला सगळं बसवलेलं. बारकोड नाही, स्कॅनर नाही, आणि रोज लाखाच्या वर डबे बरोबर माणसाकडे जायचे. या पोरांनी चाळीस डब्यांसाठी सॉफ्टवेअर शोधण्यापेक्षा ते उचललं, आणि त्यानंतर माझ्याकडे एकदाही डबा चुकलेला नाही.

अजून दोन-तीन गोष्टी ज्या सुरुवातीला चुकत होत्या आणि सुधारल्या. एक म्हणजे गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, लाईट नाही म्हणजे गिरणी बंद, पहिल्या दोन गुरुवारी डबे रात्री साडेनऊ-दहाला आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गुरुवारचा शुक्रवार केला आणि लिफ्टमधल्या कागदावर पेनाने खोडून लिहिलं. मला ते खोडलेलं फार आवडलं का माहीत नाही, पण आवडलं. आमच्या ॲपमध्ये एक वार बदलायचा म्हटलं तर आठवडा गेला असता.

दुसरं, गरम पीठ. गिरणीतून पीठ येतं ते चांगलं कोमट-गरम असतं, त्यावर लगेच घट्ट झाकण लावलं की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं, पीठ दमट होतं आणि गोळे होतात, अशा पिठात पोरकिडे पण लवकर होतात. ही दोघं रस्त्यात सांडू नये म्हणून झाकण घट्ट लावायची. सासूबाईंनी बोलावून समजावलं. आता पातळ फडकं बांधून वर झाकण नुसतं टेकवतात आणि डबे क्रेटमध्ये उभे बसवतात, घरी आल्यावर आपण अर्धा तास उघडं ठेवायचं हे चिठ्ठीच्या मागे छापलंय. पावसाळ्यात फडक्यावर प्लॅस्टिक लागणार, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदा वरचं पीठ ओलं झालेलं, त्यावर अजून नीट उपाय सापडलेला नाही, स्कूटरला ताडपत्री लावून चालवतायत सध्या.

तिसरं वजन. पाच किलो धान्य दिलं की पाच किलो पीठ येत नाही, थोडं गिरणीत राहतं, थोडं उडतं, ही घट सगळ्यांना माहीत असते पण मध्ये तिसरा माणूस आला की लगेच संशय येतो की पीठ काढून घेतलं. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तसं तोंडावर म्हटलं सुद्धा. त्या पोरीच्या डोळ्यात पाणी आलेलं. पण पुढच्या फेरीला हुकाचा वजनकाटा घेऊन आली, आपल्यासमोर दारातच डबा तोलते, परत देताना पुन्हा तोलते, दोन्ही आकडे चिठ्ठीवर. त्या काकू आता दर शुक्रवारी डबा देतात.

एक गोष्ट त्यांनी केली त्याचं कौतुक मी वेगळं करणार. आमच्या सोसायटीत एका लहान मुलाला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन त्याच्या पोटाला अजिबात चालत नाही, किंचित सुद्धा नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यात ग्लुटेन नसतं पण गव्हाच्या गिरणीत दळलं की लागतंच. त्याच्या आईने विचारलं की पहिल्या पाऊण तासात आमची ज्वारी दळाल का, पैसे जास्त देते. त्यांनी नाही सांगितलं. म्हणाले ताई, ब्रशने साफ केलं तरी दगडात गहू राहतोच, आम्ही खात्री देऊ शकत नाही, तुम्ही घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच टाकू नका. चाळीस घरांवर जेमतेम चालणारी सर्विस, एक घर आणखी मिळत होतं, आणि नाही म्हणाले. अशा माणसांच्या हातात मी माझा डबा डोळे झाकून देते.

पैशाचं. आधी फेरीचे ५० होते दहा किलोपर्यंत. पण वहीतून त्यांना दिसलं की दहा किलो कोणी देतच नाही, दहा किलोवाले रविवारी स्वतः जातात. देतात ते दोन किलो ज्वारीवाले, आणि दोन किलोला ५० म्हणजे लोकांना जास्त वाटतात. मग डब्यामागे २५ केले, मे महिन्यात एका बिल्डिंगला २०, एकीला २५ आणि एकीला ३० असं करून बघितलं, आणि नंतर सगळ्यांना सांगून टाकलं की आम्ही बघत होतो, ज्यांनी ३० दिले त्यांचे ५ परत. हे सांगून टाकणं मला पटलं. आणि गंमत बघा, ३०वाल्यांतल्या कोणीच बंद केलं नव्हतं. बहीण म्हणाली, काकू लोक नेण्या-आणण्याचे पैसे देत नाहीयेत, पहिल्या नंबरचे देतायत. आता २५ आहे, हिशोब वहीत, महिन्याच्या शेवटी यूपीआयने.

ऑर्डर फॉर्म त्यांनी दुसऱ्याच महिन्यात बंद केला, कारण निम्मे लोक फॉर्म न भरता सरळ व्हॉइस मेसेज पाठवायचे. सासूबाई पण तेच करतात, "बाळा उद्या ज्वारी आहे बरं का, दोन किलो." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये चॅटला लेबल लावता येतात, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पूर्ण, तेवढ्यावर त्यांचं चालतंय. एक लक्षात ठेवा, त्यांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, कारण ब्रॉडकास्ट मेसेज, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवलेला, फक्त ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आम्ही सासूबाईंच्या फोनमध्ये केला नव्हता आणि आषाढी एकादशीच्या भाजणीच्या फेरीचा मेसेज त्यांना आलाच नाही, माझ्या फोनवर आलेला मी बघितला नाही, फेरी हुकली. चूक माझी.

आता जे अजून खटकतं ते. सगळं दोन माणसांवर आहे. जुलैमध्ये त्यांच्यातल्या भावाला ताप आला, पाच दिवस काही नाही, बहिणीला एकटीला सगळे डबे झेपत नाहीत. फेरी रद्द झाल्याचा मेसेज आला पण सकाळी पावणेआठला, तोपर्यंत डबे दारात ठेवून लोक कामाला गेलेले. आदल्या रात्री कळायला हवं होतं. एक बदली माणूस हवाच हवा, मग तो आठवड्यातून एकदाच का येईना. गिरणी एकच आहे हा पण धोका आहे, काकांनी गावी जायचं ठरवलं तर काय. आणि वही एकच आहे! मी तिला सांगितलं की बाई रोज रात्री पानांचे फोटो काढून ठेव, चार महिन्यांत तुम्ही जे शिकलात ते सगळं त्या वहीत आहे, स्कूटरवरून पडली तर काय कराल. आता काढते म्हणाली.

त्यांना कोणीतरी ॲप बनवून देतो म्हणालाय, दोन लाखांत. मला विचारायला आले होते दोघं, चहा घेतला, सासूबाईंनी थालीपीठ लावलं. मी त्यांना माझे चौदा महिने सांगितले, सगळे, मैत्रिणीचं सुद्धा. म्हटलं अरे बाळांनो, दोन लाखात दुसरी स्कूटर येते आणि वर्षभराचा अर्धवेळ मुलगा येतो. वही कधी पुरेनाशी होईल ते तुम्हालाच कळेल, म्हणजे चिठ्ठी लिहिताना हात दुखायला लागले, हिशोब चुकायला लागला, तेव्हा फक्त तेवढाच भाग कॉम्प्युटरवर न्या, आधी हिशोबाची एक शीट करा. बाकी दारात उभं राहून ऐकणं सोडू नका, निदान पहिली शंभर घरं होईपर्यंत तरी. तो मुलगा थोडा हिरमुसला, त्याला ॲप हवं आहे, मी समजू शकते, मला पण हवं होतं. बहिणीने वहीत लिहून घेतलं.

माझ्याकडून ५ पैकी ४. अर्धा मार्क आजारपणाच्या आठवड्याचा कापला, अर्धा पावसाचा. सध्या धायरीच्या आमच्या बाजूच्या सहा-सात सोसायट्यांतच येतात, लांबचं घेत नाहीत, आणि नवीन घर घेताना आधी एक महिना ज्वारी-गहूच घेतात, भाजणी नंतर. द्यायचं ठरवलंत तर डबा झाकणाचा द्या, पिशवी नको, भरताना वर चार बोटं जागा सोडा कारण धान्यापेक्षा पीठ जास्त जागा घेतं. ज्वारी निवडून द्या, खडा त्यांना दिसणार नाही. आणि चकलीची किंवा थालीपिठाची भाजणी असेल तर आदल्या रात्री भाजून परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम भाजणी डब्यात भरली की तिला वाफ धरते आणि दळताना ती दगडाला चिकटते, मग तुमच्या मागे ज्याचा नंबर आहे त्याच्या डब्यात ती जाते.